कळमनुरीची मागची गाडी

रेखा,

सकाळचं मला जमतं. उठतो, चहा करतो, डबा भरतो, सकाळची गाडी धरून वसमतला जातो. आडतीवर हळदीची आवक, वजनं, शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या, सगळं पूर्वीसारखं लिहितो. तुझ्या तेराव्यानंतर कामावर गेलो तेव्हा आकडे चुकतील अशी भीती होती, म्हणून पहिले काही दिवस प्रत्येक बेरीज खालून वर पुन्हा करून पाहिली. चूक नव्हती. संध्याकाळचं मात्र जमत नव्हतं. गाडी हिंगोलीला लागायची, बरोबरचे लोक आपापल्या घरी जायचे, आणि मी आपल्या गल्लीच्या तोंडावरून सरळ पुढं बसस्टँडवर जायचो.

पल्लवीला हे सांगितलेलं नाही. ती रोज पुण्याहून फोन करते आणि विचारते, "बाबा, पोचलात का?" मी "पोचलो" म्हणतो. कुठं, ते लेकरू विचारत नाही आणि मी सांगत नाही. त्याला खोटं म्हणता येत नाही, पण खरंही म्हणता येत नाही. अशी अर्धी वाक्यं मला आवडत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. पण संध्याकाळी उजेडात घराचं कुलूप एकट्यानं काढून आत जाणं मला जमत नव्हतं, एवढं पूर्ण वाक्य मी तिला फोनवर कसं सांगणार होतो?

आपलं घर मी निवडलं होतं. तू कळमनुरीच्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर, मी वसमतला आडतीवर. तुझी एसटी, माझी रेल्वे, दोघांचंही रोजचं अप-डाऊन. म्हणून मी रेल्वे स्टेशन आणि बसस्टँड यांच्या मधोमध जागा शोधली, दोघांना सारखं चालणं पडावं म्हणून. त्या हिशेबावर मी खूश होतो. तू तो पहिल्याच महिन्यात मोडीत काढलास.

"येताना घरी एकटी जायची न्हाई मी," तू म्हणालीस. "तुमी स्टँडवर या. कळमनुरीच्या गाड्या लागतात तिथं. जो आधी येईल त्यानं थांबायचं."

"अगं, घर मधी हाय. मी घर ओलांडून तुझ्याकडं यायचं, आन् तुला घेऊन परत मागं यायचं?"

"व्हय."

"निम्मं चालणं फुकट जाईल."

"जाऊ द्या की. तुमच्या शेठजीला थोडंच भरून द्यायचं हाय."

तेव्हापासून मी रोज घर ओलांडून पुढं जात आलो. गल्लीच्या तोंडाशी पानटपरीवाला पहिली दोन-तीन वर्षं न चुकता म्हणायचा, "मुनीमजी, घर मागं राहिलं." नंतर तोही कंटाळला.

कोण किती थांबलं याचा हिशेब मी एकदा काढला होता, तेव्हा तू चिडली होतीस. मी अंदाजानं बोलत नव्हतो. रेल्वेचा मार्ग एकेरी, म्हणून आमची गाडी क्रॉसिंगला कुठंही उभी राहायची, कधी बोल्ड्याला, कधी नांदापूरला, आणि समोरून मालगाडी जाईपर्यंत आम्ही डब्यात घाम पुसत बसायचो. तुझी एसटी त्या मानानं वेळेवर. म्हणजे पाचातले तीन दिवस तू माझ्यासाठी थांबायचीस आणि दोन दिवस मी तुझ्यासाठी. माझं म्हणणं एवढंच होतं की हे तुझ्यावर अन्यायाचं आहे, तू घरी जात जा. तू म्हणालीस, "थांबायचा हिशेब काढतं का कुणी? उद्या म्हणाल, भाकरी कुणी किती खाल्ली ते लिहून ठेवू."

पण माझा आकडा बरोबर होता.

मोबाइल आले तरी आपला निरोप कंडक्टरकडूनच यायचा, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटणार नाही. तुझा फोन पर्सच्या तळाशी, पर्स पिशवीत, पिशवी मांडीवर आणि तिच्यावर कुणाचं तरी लेकरू. वाजला तरी तुला ऐकू येणार नाही. त्यामुळं कळमनुरीला गाडी भरून गेली आणि तुला चढता आलं नाही की तू खालूनच कंडक्टरला सांगायचीस. तो हिंगोलीला उतरला की फलाटावरून मला ओरडायचा, "मुनीमजी, बाई मागच्या गाडीत हाईत." मी "बरं" म्हणायचो आणि पुन्हा बाकावर बसायचो. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाड्या अशा भरतात की गेली काही वर्षं हा निरोप आठवड्यातून दोनदा तरी यायचाच.

माझ्या बाजूचे निरोप कमी आणि बिघडलेले. एकदा आमची गाडी बोल्ड्याला अडकली ती हलेना. आमच्या डब्यातला एक शिक्षक उतरून जीपनं हिंगोलीला निघाला, त्याला मी सांगितलं, स्टँडवर कळमनुरीच्या फलाटापाशी निळ्या साडीत माझी बायको बसलेली असेल, तिला सांगा उशीर होतो. त्यानं बिचाऱ्यानं निळी साडी बरोबर शोधली. जवळ जाऊन म्हणाला, "ताई, तुमचे मालक बोल्ड्याला अडकलेत, काळजी करू नका." ती बाई म्हणाली, "माझे मालक तर हे काय बसलेत शेंगा खात." मालकांनी शेंगा थांबवून शिक्षकाकडं पाहिलं. शेजारच्या बाकावर हिरव्या साडीत तू बसली होतीस. तुला सगळं कळलं. पण तू लगेच बोलली नाहीस, त्या दोघांची आणि शिक्षकाची पुरती गंमत पाहिलीस, आणि मग म्हणालीस, "गुरुजी, तो निरोप माझा हाय. निळी साडी काल नेसले व्हते मी."

मी आल्यावर तू पहिलं वाक्य बोललीस ते हे, "गिऱ्हाईकाच्या हळदीचं पोतंन्‌पोतं ध्यानात राहतं. बायकोची साडी काहून राहत न्हाई?"

आणि माझ्या कॉलरवरची हळद. सीझनमध्ये आडतीवरून येताना ती असायचीच, शर्टवर, कानामागं, घड्याळाच्या पट्ट्यात. तू चारचौघांत, त्या बाकावर, रुमालानं माझी मान पुसायचीस आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचीस, "रोज संध्याकाळी हळद लागून येता तुमी. किती येळा लगीन करायचं एका बाईशी?" म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मला तेव्हा लाज वाटायची. लाज वाटायची म्हणजे आवडायचं नाही असं नाही. हे मी कधी बोललो नाही.

एकदा आमच्या आडतीला सुट्टी होती आणि तुझ्या दवाखान्याला नव्हती, म्हणून मी तुझ्याबरोबर तुझ्या गाडीनं कळमनुरीला आलो होतो. वाटेत मला तुझ्याशेजारी बसायला मिळालं नाही. तुझ्याभोवती माणसं. एक म्हातारबा प्लास्टिकच्या पिशवीतून गोळ्यांची पानं काढून म्हणाला, "बाई, ही लई मोठी हाय. मोडून घेतली तर चालंल का?"

"मोडायची न्हाई. पाणी जास्त प्यायचं तिच्यावर."

"पाणी पिलं की लघवीला लागती. तुमची गाडी थांबत न्हाई."

"मग घरी पोचल्यावर घ्या. गोळी गाडीतच खायची असं कुणी सांगितलं?"

"तुमी गाडीत भेटता म्हून गाडीत आणल्या."

सगळी गाडी हसली. तू हसली नाहीस. पानं उलटीपालटी करून पाहिलीस, एक बाजूला काढलंस आणि म्हणालीस, हे मुदत संपलेलं औषध आहे, हे नका घेऊ, दुपारी खिडकीवर या. मागच्या दांड्याला धरून मी उभा होतो. तू रोज दमून का येतेस ते मला त्या दिवशी कळलं, आणि दमून येऊनही हसत का येतेस तेही.

त्यानंतरच मी तुझ्या बदलीचं मनावर घेतलं. हिंगोलीच्या दवाखान्यात जागा निघाली होती. घरापासून चालत जायचं, चालत यायचं. विनंती अर्ज केला असतास तर मिळाली असती, तुझा नंबर वरचा होता. वर्षाचे किती तास तू एसटीत घालवतेस ते मी तुला काढून दाखवलं, त्यात तुझं अंगदुखीचं मलम धरलेलं नव्हतं. आपण स्टँडवरून घरी चाललो होतो. तू माझं सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस,

"मग आपुन बोलायचं कुठं?"

"कुठं म्हणजे? घरी."

"घरी आई असतात. पल्लवी असते. गावाकडचं कुणीतरी आलेलं असतं. घरात मी सून असते, आई असते. तुमची बायको मी या रस्त्यावर असते."

मला वाटलं तू विषय टाळतेस. मी म्हणालो, हे काही उत्तर झालं नाही. तू म्हणालीस, "झालं की." आणि शेपूची जुडी घ्यायला थांबलीस.

तो वाद तिथंच राहिला. दर वर्षी बदल्यांचे दिवस आले की मी काढायचो, तू पुढं ढकलायचीस. आई गेली. पल्लवी नोकरीला लागली. घरात आपण दोघंच उरलो. तेव्हा मी पुन्हा म्हणालो, आता तर घर रिकामं आहे, आता काय हरकत? तू म्हणालीस, "बघू." तुझं ते "बघू" तसंच राहिलं.

मी आज तुला जिंकू देतोय असं समजू नकोस. अजूनही मला वाटतं की बदली घ्यायला हवी होती. तुझी कंबर त्या रस्त्यानं गेली, आणि तेवढा तरी आराम तुला मिळाला असता. पण मागं वळून पाहिलं तर पल्लवीला पुण्याला पाठवायचं हे रस्त्यावर ठरलं. आईचं ऑपरेशन करायचं हे रस्त्यावर ठरलं. मी एकदा नोकरी सोडायला निघालो होतो, तेव्हा बंद दुकानाच्या पायरीवर मला बसवून तू समजावलंस. घरात आपण काय बोललो ते आठवायला लागलो तर आठवतं ते गॅस संपला, दूध आलं, पंखा वाजतोय. तू म्हणालीस ते बरोबर होतं आणि मी म्हणत होतो तेही बरोबर होतं. यातलं वजा काय करायचं, ते मला कळत नाही. तू असतीस तर अजून दहा वर्षं भांडलो असतो.

तुझ्या आजाराबद्दल इथं लिहीत नाही. रिपोर्ट सगळे वाचले, समजलं नाही ते डॉक्टरांना विचारलं, त्यांनी नीट सांगितलं. कुणाचं चुकलं नव्हतं. फक्त तुला नांदेडच्या दवाखान्यातून परत आणलं त्या वाटेबद्दल लिहितो. नांदेडहून हिंगोलीला येताना वारंगा फाटा लागतो, बाळापूर लागतं, मग कळमनुरी. कळमनुरीपासून पुढं तुझीच रोजची वाट. कळमनुरीला दवाखान्याच्या फाटकापाशी तुझी माणसं उभी होती. ड्रायव्हरनं कुणी न सांगता गाडी हळू केली. खिडकीवरचा तुझा जोडीदार फाटकाला धरून उभा होता, त्यानं हात वर केला आणि तसाच ठेवला. पुढचा रस्ता मी पहिल्यांदाच तुझ्याशेजारी बसून केला. हिंगोलीत शिरल्यावर गाडी स्टँडकडं वळली नाही, सरळ घराकडं गेली. ते बरोबरच होतं. पण माझ्या मनात आलं, हिला इथं उतरायचं असतं.

आता संध्याकाळचं सांगतो.

मी पुन्हा कामावर जायला लागलो त्या पहिल्या दिवशी पाय स्टँडकडं गेले. ते मी सवयीवर घातलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गल्लीच्या तोंडाशी थांबलो, खिशातून किल्ली काढली, हातात धरली आणि पुढं गेलो. मग रोजचंच झालं. आपल्या बाकावर बसायचो. कळमनुरीच्या गाड्या यायच्या, रिकाम्या व्हायच्या, शेवटची येऊन गेली की अंधारात घरी यायचो आणि दिवा न लावता झोपायचो. आपण तिथून घरी जायचो ते दोघं, म्हणून एकट्यानं निघायला कारणच सापडायचं नाही.

तुझ्या गाडीतल्या बाया पहिल्या दिवसांत उतरून माझ्याजवळ यायच्या. उर्दू शाळेतल्या नसीमाबाई सगळ्यांत पुढं. शेजारी बसायच्या, मग "चलते हैं भाईसाब" म्हणून जायच्या. नंतर त्या दिसेनाशा झाल्या. मला वाटलं सुट्ट्या लागल्या असतील. एका रविवारी बाजारात भेटल्या. मी विचारलं, "शाळेला सुट्टी का?"

"न्हाई भाईसाब. शाळा चालू हाय." त्या पिशवीचे बंद हाताला गुंडाळत राहिल्या. "एक बात बोलू? बुरा नका मानू. आमी आता नाक्यावर उतरतो. स्टँडवर येतच न्हाई."

"नाक्यावरून तुम्हाला लांब पडतं."

"पडतं. पण गाडी आत शिरली की तुमी उठून उभे राहता. दरवाजाकडं बघता. एक-एक बाई उतरते, तिच्याकडं बघता. आमी कशा उतरायच्या, सांगा? मैं रेखा नहीं हूँ, इसकी माफी माँगते हुए उतरूँ क्या रोज?"

त्यांचे डोळे भरले. मी म्हणालो, उद्यापासून नाही बसणार. दुसऱ्या दिवशी बसलो. त्यांना ते कळलं असणार, कारण त्या नाक्यावरच उतरत राहिल्या. दमलेल्या बाया माझ्यापायी रोज लांबून चालत जात होत्या. हे मला समजत होतं. मी दुसऱ्याचं फुकटचं चालणं सहन करणारा माणूस नाही. तरी उठवत नव्हतं.

आणि परवा राठोड कंडक्टर आला.

आपला राठोड, तांड्यावरचा, ज्यानं तुझे सगळ्यांत जास्त निरोप आणले. तो बरेच दिवस दिसला नव्हता. मागाहून कळलं, बहिणीच्या लग्नासाठी सुट्टीवर होता, आणि सुट्टीवरून आला तो परभणीच्या गाडीवर. परवा पहिल्यांदा पुन्हा नांदेड-हिंगोली. गाडी फलाटाला लागली, अशी भरलेली की दार उघडताच माणसं सांडली. मी उठून उभा राहिलो. राठोड गर्दीतून उतरला, तिकिटाचं मशीन बगलेत धरून आत नोंद करायला पळाला, आणि पळता पळता माझ्याकडं बघून ओरडला, "मुनीमजी, बाई मागच्या गाडीत हाईत. ही कळमनुरीलाच फुल झाली."

मी "बरं" म्हणालो.

तू नाहीस हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला भास झाला नाही, चक्कर आली नाही. मी पूर्ण शुद्धीवर होतो. तरी मी "बरं" म्हणालो आणि खाली बसलो. बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, शेजारी जागा केली. कॉलरला हात लावला, हळद होती, ती पुसली नाही. कळमनुरीहून गाडी निघाली असेल, आता त्या वळणावर असेल, आता गावाच्या अलीकडं, असा मी रस्ता मोजत होतो. ऊन उतरलं होतं. रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. एका बाईनं विचारलं, "इथं कुणी येणार हाय का?" मी म्हणालो, "हो, येणार हाय." ती दुसऱ्या बाकावर गेली.

मागची गाडी आली. मी उठलो. दारातून एकेक जण उतरत गेला, प्रत्येकाकडं पाहिलं. तुझ्या मैत्रिणी आधीच नाक्यावर उतरलेल्या, त्यामुळं ओळखीचं कुणीच नव्हतं. सगळ्यांत शेवटी एक म्हातारी गाठोडं घेऊन पायरी-पायरीनं उतरली, तिला कुणीतरी हात दिला. मग ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. गाडीत फक्त सीट होत्या, मी खिडक्यांतून त्या पाहिल्या.

तू गेलीस हे मला नांदेडला कळलं होतं. तू येणार नाहीस हे त्या गाडीनं सांगितलं.

मी कसा बसलो आणि किती वेळ रडलो ते लिहीत नाही. मान वर केली तेव्हा राठोड समोर उभा होता. आत चौकशीच्या खिडकीवर त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो बाकावर बसला नाही, खाली उकिडवा बसला.

"मला कुणी बोललंच न्हाई, मुनीमजी. आईची आन."

"तुला कसं कळणार?"

"मी खाली बघितलंबी न्हाई. गर्दी व्हती, बाया ऱ्हायल्या व्हत्या, म्हणलं त्यातच असतील. सवयीनं बोलून गेलो. पाप लागलं मला."

"न्हाई लागलं," मी म्हणालो. "तू ओरडलास आन् मागची गाडी आली, तेवढा येळ ती रस्त्यावर व्हती राठोड. इकडं येऊन राहिली व्हती. मला तेवढं पाहिजे व्हतं."

तो जमिनीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "एक सांगू? मी बाईंला एकदा इचारलं, बाई, फोन हाय की तुमच्याकडं, मला काहून सांगायला लावता? तर म्हणल्या, फोनवर ते नुसतं हं म्हणतात. तू सांगितलं की कसे बघतात ते तू मला दुसऱ्या दिशी सांगतोस."

"काय सांगायचास तू?"

"हेच की, मुनीमजी हसले."

"मी हसायचो?"

"व्हय. दर येळेला." त्यानं मान वर केली. "आजबी हसले."

एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं, रेखा. माझं हसणं दुसऱ्या दिवशी सकाळी कळमनुरीला पोचायचं, तुला कुणीतरी नेऊन द्यायचं, आणि संध्याकाळी तू माझ्यासमोर बसून माझी मान पुसताना त्यातलं काही बोलायची नाहीस. मी तुला काही सांगत नाही अशी तुझी तक्रार असायची. ती तू माझ्याकडं रोज करायचीस आणि तिचं उत्तर दुसऱ्याकडून मिळवायचीस. तुझ्यावर रागवावं की काय करावं, ते मला तिथं बसून ठरवता आलं नाही.

राठोडची परतीची गाडी लागली होती. तो उठेना. मीच म्हणालो, "जा, पॅसेंजर बसलेत." तो उठला, मशीन खांद्याला अडकवलं. मी त्याला हाक मारली.

"राठोड, उद्या ड्यूटी याच गाडीवर?"

"व्हय."

"कळमनुरीला उर्दू शाळेतल्या नसीमाबाई चढतात. त्यांना एक निरोप दे. म्हणावं, नाक्यावर उतरू नका, स्टँडवरच उतरत जा. मुनीमजी आता बाकावर नसतात."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "पक्कं सांगू?"

"पक्कं सांग. दिलेला निरोप मला खोटा पाडता येत न्हाई."

त्यानं मान हलवली, गाडीत चढला आणि घंटी मारली.

शेवटच्या गाडीपर्यंत थांबलो नाही. उजेड होता तेव्हाच निघालो. वाटेत तुला दिवसभराचं सांगत आलो, मनात नाही, तोंडानं. आवक वाढली, भाव बरा आहे, नव्या पोराला वजनकाट्यावर बसवलंय, पल्लवी पुढच्या महिन्यात येते म्हणते. लोक बघत होते, बघू दिलं. तुझ्या बदलीचंही काढलं, तेही सगळं बोललो. गल्लीत वळलो, दारापाशी आलो, तोवर माझं बोलून झालं होतं. आता तुझी पाळी होती. मी किल्ली हातात धरून थोडा वेळ उभा राहिलो.

मग कुलूप काढलं, आत गेलो आणि दिवा लावला.